भंडारदऱ्याची केबिन : आधी तारीख ठरवायची की जागा?

पार्श्वभूमी

हे एका एकत्र जमलेल्या कुटुंबाच्या सहलीचं प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, माणसांचा उल्लेख घरातल्या नात्यांनीच केला आहे.

माणसं नऊ. त्र्याहत्तर वर्षांच्या आजी, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. थोरला मुलगा आणि वहिनी ठाण्याचे, त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी. धाकटा मुलगा पुण्यात, त्याची बायको आणि सहा वर्षांचं पोर. शिवाय नाशिकची आत्या. ठाणे, पुणे आणि नाशिक या तिन्हींकडून जमेल अशी जागा हवी होती. मुलांची अट एकच होती, लाकडी केबिनमध्ये झोपायचं. आजींचीही एक अट होती : "संडास खोलीला लागून हवा, नाहीतर मी घरीच बरी."

भंडारदरा या हिशेबात चपखल बसतं. ठाण्याहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि बारीमार्गे येता येतं. नाशिककरांनाही घोटीच सोयीचं. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन धरण, आणि मागचा जलाशय आर्थर लेक. जलाशयाच्या एका अंगाला कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. दुसऱ्या टोकाला रतनगड. पाणी आणि डोंगर इतके जवळ असलेली आणि म्हाताऱ्या माणसाला गाडीतून उतरल्या उतरल्या दोन्ही दिसतील अशी दुसरी जागा मला तरी महाराष्ट्रात पटकन सुचत नाही.

वहिनींनी एप्रिलमध्ये जागा शोधली. पाण्याच्या अगदी काठावर तिकोनी छपराच्या दोन केबिन होत्या. फोटोत व्हरांड्याची पायरी उतरली की पाणी. मे महिन्याचा शेवटचा शनिवार-रविवार ठरला, कारण शाळांना सुट्टी आणि तेव्हा काजवे असतात. निम्मे पैसे आगाऊ भरून झाले. मग सामानाची यादी तपासायला म्हणून त्यांनी मला फोन केला. धाकट्याचा मी जुना मित्र, त्या भागात माझं बऱ्याच वर्षांचं येणंजाणं. "भाऊजी, यादीत काही राहिलंय का तेवढं बघा," इतकंच त्यांचं म्हणणं होतं.

अडचण

यादी उत्तम होती. अडचण फोटोत होती.

फोटोत मागचे डोंगर गर्द हिरवे होते आणि पाणी थेट गवताला टेकलेलं. असं दृश्य पावसाळा संपताना दिसतं. भंडारदरा धरण साधारण ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरतं आणि पावसाळा सरेपर्यंत तुडुंब असतं. हे पाणी खालच्या शेतीसाठी साठवलेलं आहे. अकोले, संगमनेर, श्रीरामपूरकडची शिवारं त्यावर पिकतात. रब्बीची आवर्तनं, म्हणजे कालव्यातून ठरावीक वेळी शेतीसाठी सोडलेलं पाणी, सुरू झाली की पातळी उतरू लागते, उन्हाळी आवर्तनांत आणखी खाली जाते. मे संपताना जलाशय वर्षातल्या सर्वांत कमी पातळीच्या आसपास असतो.

तेव्हाचा काठ ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. गवताची रेघ जिथे संपते तिथून खाली तांबूस-पिवळ्या मातीचा उघडा उतार सुरू होतो. वरच्या भागात ही माती कडक, भेगाळलेली असते, खाली जाल तशी ओलसर, आणि पाण्यालगत पाय घोट्यापर्यंत रुतेल असा गाळ. पावसाळ्यात बुडालेले बांध आणि झाडांची खोडं उघडी पडतात. केबिन जागच्या जागीच असते, पाणी मात्र कितीतरी खाली गेलेलं असतं. सहा वर्षांचं पोर त्या गाळाकडे धावणार आणि आजी व्हरांड्यातून उजाड उतार बघणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

वहिनींना मी एकच काम सांगितलं. मालकाकडून आज सकाळी काढलेला व्हिडिओ मागवा, व्हरांड्यात उभं राहून, बोलता बोलता तारीख सांगत काढलेला. आधी एक जुनाच व्हिडिओ आला, त्यात भातखाचरं हिरवी होती. एप्रिलमध्ये भात कुठला? पुन्हा मागितल्यावर खरा आला आणि प्रश्न उघड झाला.

इथे खरा पेच असा की काजवे आणि भरलेला जलाशय एका तारखेला मिळत नाहीत. काजवे चमकतात ते पावसाच्या तोंडावर, मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं रात्री लखलखतात. नेमकं तेव्हा धरण खालावलेलं असतं. धरण भरतं तेव्हा काजवे संपलेले असतात. या कुटुंबाने दोन ऋतू एकाच शनिवार-रविवारात बांधले होते. भंडारदऱ्याला जाणारे कितीतरी लोक हेच करतात, कारण जाहिरातीत दोन्ही फोटो शेजारी शेजारी असतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, ठरलंय तसं जायचं. मुलांना काजवे दिसले असते. पण त्या दिवसांत शेंडी, मुरशेत, घाटघर या गावांच्या रस्त्यांवर शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याचे प्रवेशाचे आणि वेळेचे नियम पाळावे लागतात. वळवाचा पाऊस कधीही कोसळतो, वारा सुटतो, वीज जाते. धडधाकट माणसांना हे सगळं चालतं. आजींना घेऊन रात्री गर्दीत अडकून बसणं थोरल्या मुलाला पटेना.

दुसरा पर्याय पवना. पुण्याच्या धाकट्याचा आग्रह होता. तुंग, तिकोना, लोहगड भोवती, पाण्याकाठी राहण्याच्या जागा भरपूर. पण पवनाही धरणच, मे महिन्यात तेही आटतं. शिवाय आत्याला नाशिकहून लांब, आणि सुट्टीच्या रात्री शेजारच्या तंबूंतला डीजे ऐकत झोपायची कुणाचीच तयारी नव्हती. हा पर्याय लवकर बाद झाला.

तिसरा, भंडारदऱ्यालाच पण केबिन सोडून पर्यटन महामंडळाच्या निवासात खोल्या घ्यायच्या. वयस्कर माणसांसाठी मला हा पर्याय मनापासून आवडला होता. मुलांनी तोंडं पाडली आणि मोठ्यांनी तो फारसा विचार न करता सोडून दिला. पुढे याच मुद्द्याकडे परत यावं लागलं.

चौथा, जागा तीच ठेवून तारीख हलवायची. पावसाळ्यात धरण भरतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये घाटघरकडे पाऊस इतका बेफाम असतो आणि धुकं इतकं दाट, की समोरचं पाणीही दिसत नाही. निसरडे रस्ते वेगळेच. ऑक्टोबरात पाणी भरपूर, पण दिवाळीची गर्दी. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पाणी अजून जवळपास काठोकाठ, आकाश स्वच्छ, भात कापून झालेला, थंडी सोसवेल इतकी. मुलांना एक शुक्रवार शाळा बुडवावी लागणार होती.

निर्णय

वहिनींनी सगळ्यांना एका फोनवर घेतलं आणि सरळ विचारलं, "काजवे हवेत की पाणी?" हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे विचारला गेला म्हणून पुढचं सोपं झालं. मुलगी काजव्यांसाठी रडली. आजी म्हणाल्या, मला पाण्याकाठी बसायचंय. नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार ते रविवार ठरलं.

आता आगाऊ रकमेचा प्रश्न. मालकाचा नियम होता, पैसे परत नाहीत. थोरला भांडायच्या पवित्र्यात होता, जुना व्हिडिओ पाठवल्याचा राग होताच. वहिनींनी त्याला थांबवलं. त्यांचा हिशेब पक्का होता : काजव्यांच्या हंगामात रिकामी झालेली केबिन मालकाला एका दिवसात दुसऱ्या कुणाला तरी देता येते. त्यांनी पैसे परत मागितलेच नाहीत, "दादा, तारीख तेवढी बदलून द्या," एवढंच म्हणाल्या. तो लगेच तयार झाला. नवी तारीख, भरलेली रक्कम आणि उरलेली रक्कम त्याच्याकडून लेखी मागवून घेतली. आगाऊ पैसे अडकले की बहुतेक माणसं हक्काचा वाद घालतात. समोरच्याला काय परवडतं ते आधी बघितलं तर काम लवकर होतं, हे या बाईंकडून शिकण्यासारखं आहे.

तयारी

तारीख बदलल्यावर यादीही बदलली. नोव्हेंबरात तिथे रात्री चांगलाच गारठा पडतो आणि लाकडी केबिनच्या फळ्यांतून वारा येतो. प्रत्येकाला कानटोपी, आजींना जादा ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी. दोन विजेऱ्या. रोख पैसे, कारण सांदण दरीजवळच्या साम्रद गावाकडे, घाटघरकडे मोबाइलला रेंज येते-जाते आणि ऑनलाइन पैसे अडकतात. पेट्रोल घोटीला किंवा राजूरलाच भरून घ्यायचं.

आत्या परिचारिका होत्या, त्यांनी निघण्याआधी तिथल्या सरकारी दवाखान्यात फोन करून सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का ते विचारून घेतलं. कापणीनंतर शेतात उंदीर आणि त्यांच्यामागे साप असतात, तेव्हा ही चौकशी अगदी रास्त होती. अंधार पडायच्या आत पोचायचं हा नियम तिन्ही गाड्यांना लागू केला, घाटात उशीर झाला तर इगतपुरीला किंवा राजूरला मुक्काम.

मालकाला वहिनींनी विचारलेले प्रश्न मुद्द्याचे होते. गीझर कशावर चालतो, वीज गेली तर काय, जेवण कुठे बनतं, माळ्यावर जायच्या शिडीला कठडा आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, म्हणून सहा वर्षांच्या पोराची झोपायची जागा आधीच खाली ठरली.

कळसूबाईबद्दल माझा आग्रह होता की सगळ्यांनी जाऊ नये. बारी गावातून सामान्य चालीने वर पोचायला तीन तास धरावेत. कड्यांच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि रविवारी त्यांच्यावर रांग लागते. शनिवारी पहाटे पाचला निघायचं, साडेनऊला जिथे असू तिथून परत फिरायचं, असं ठरलं. सांदण दरी यादीतून काढली. नोव्हेंबरात आतल्या डबक्यांत कमरेएवढं पाणी असू शकतं, आणि मोठमोठ्या दगडांवरून उतरताना चौदा वर्षांच्या मुलासोबत अनुभवी माणूस लागतो. तसा माणूस त्यांच्यात नव्हता.

प्रत्यक्ष सहल

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास तिन्ही गाड्या पोचल्या. पाणी खरोखर गवताला टेकलेलं होतं. पण एक गोष्ट कुणीच विचारली नव्हती. गाडी लावायची जागा वर रस्त्यालगत, केबिन खाली पाण्याशी, आणि मध्ये दगडी पायऱ्यांचा तीव्र उतार. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, धरायला कठडा नाही. आजी एक हात मुलाच्या खांद्यावर आणि एक हात काठीवर ठेवून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरल्या. खाली पोचल्यावर म्हणाल्या, "आता मला रविवारीच वर न्या." म्हणजे शनिवारी ठरलेलं रतनवाडीचं देऊळ, बोट, सगळंच त्यांच्यापुरतं संपलं.

रात्री गारठा वाढला. केबिनमधला हीटर लावला की वीज ट्रिप व्हायची. मालकाचा माणूस आपुलकीने पेटती कोळशाची शेगडी घेऊन आला आणि दार लावून आत ठेवा म्हणाला. आत्यांनी ती उंबऱ्याबाहेरच थांबवली. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत झोपलेला माणूस त्याने झोपेतच जातो. शेगडी व्हरांड्यात ठेवून सगळे भोवती बसले, झोपण्याआधी ती विझवली, आजींना गरम पाण्याची पिशवी आणि दोन ब्लँकेटं दिली. या सहलीत सर्वांत महत्त्वाचा निर्णय कुठला असं मला विचाराल तर मी हाच सांगेन.

शनिवारी कळसूबाईला चौघं गेले : दोघे भाऊ आणि थोरल्याची दोन्ही मुलं. दुसऱ्या शिडीपाशी मुलगी थबकली. खाली पाहिलं आणि तिचे हात लोखंडाला घट्ट चिकटले. मागून माणसं येत होती, कुणीतरी "चल गं, काही होत नाही" म्हणत होतं. काकाने तिला बाजूला घेतलं, पाणी पाजलं, पाच मिनिटं बसवलं आणि विचारलं, वर की खाली? ती खाली म्हणाली. काका तिच्यासोबत उतरला, बापलेक वर गेले आणि नऊच्या आधी माथ्यावरच्या देवीच्या मंदिरापाशी पोचले. काका-पुतणी बारीत चहा पीत थांबले. मोठ्या माणसांची संख्या दोन ठेवली होती म्हणूनच हे जमलं. एकच मोठा माणूस असता तर मुलीला ओढत वर न्यायचं किंवा मुलाला निम्म्यातून परत फिरवायचं, याशिवाय मार्ग नव्हता.

इकडे वहिनींनी मालकाशी बोलून आजींची सोय बदलली. रस्त्यालगत मालकाचं स्वतःचं घर, शेजारी पाहुण्यांसाठी एक साधी पक्की खोली होती, संडास लागून. दोघा जणांनी खुर्चीत बसवून आजींना वर आणलं. तिथे मालकाच्या आईशी त्यांची गट्टी जमली. चुलीपुढे बसून आजींनी नागलीची भाकरी बघितली : उकळत्या पाण्यात पीठ टाकून काढलेली उकड, ती गरम असतानाच तळहाताच्या टाचेने मळायची, नाहीतर भाकरी थापताना फाटते, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात आणि मग निखाऱ्यावर फुगवायची. दुपारी गाडी दारातूनच निघत असल्याने रतनवाडीही झालं. अमृतेश्वराच्या मंदिरापर्यंत आणि शेजारच्या विष्णुतीर्थ पुष्करणीपर्यंत आजी सावकाश चालत गेल्या. बोटीत मुलं आणि आत्या बसल्या, लाइफ जॅकेटं बांधूनच. पाण्यात पोहायला कुणालाही उतरू दिलं नाही. धरणाचा तळ एकसारखा नसतो, दोन पावलांत कमरेचं पाणी डोक्यावर जातं.

निष्पत्ती

रविवारी दुपारी सगळे सुखरूप परतीला लागले. पुण्याची गाडी रंधा धबधब्यापाशी थांबून गेली. मुलांना केबिन मिळाली, आजींना शेवटी पाणीही दिसलं आणि देऊळही. पाण्याकाठी बसणं मात्र त्यांना शुक्रवारच्या संध्याकाळीच काय ते मिळालं. वरच्या खोलीचे जादा पैसे द्यावे लागले, ते मालकाने माफक घेतले.

वेगळं काय करता आलं असतं

तारखेचा निर्णय योग्य होता, पण तो पैसे भरल्यावर झाला. धरणातला पाणीसाठा वर्तमानपत्रांत नियमित छापून येतो. बुकिंगआधी तो पाहिला असता तर पुढची घासाघीस लागलीच नसती.

पायऱ्यांचं मात्र मला जास्त वाटतं. वहिनींनी संडास विचारला, गीझर विचारला, माळ्याचा कठडाही विचारला. "गाडी दारापर्यंत येते का?" हा प्रश्न राहिला. खोलीच्या आतल्या सोयी सगळे विचारतात, खोलीपर्यंतची वाट कुणी विचारत नाही. सह्याद्रीत पाण्याकाठची जागा म्हणजे उतार आलाच. त्यामुळे गुडघ्याचं दुखणं असलेलं माणूस सोबत असेल तर त्या वाटेचा व्हिडिओ मागवायलाच हवा, वरून खाली चालत काढलेला.

तिसरा पर्याय इतक्या लवकर सोडायला नको होता. आजी आणि आत्यांसाठी पर्यटन महामंडळाच्या निवासात एक खोली, बाकीच्यांसाठी एक केबिन, अशी विभागणी पहिल्याच दिवसापासून करता आली असती. कुटुंबाने एका छपराखाली राहायचं हा हट्ट प्रेमाचा असला तरी त्याचा भार सर्वांत अशक्त माणसावर पडतो.

कळसूबाईसाठी शनिवारऐवजी शुक्रवार मिळाला असता तर शिड्या मोकळ्या असत्या. मुलगी कदाचित चढलीही असती, निदान मागच्यांची घाई तिच्या पाठीला लागली नसती. त्यासाठी गुरुवारी रात्रीच पोचावं लागलं असतं आणि अंधारात घाट चढायचा नाही हा नियम मोडावा लागला असता. या बाबतीत मी त्यांच्याच बाजूने आहे.

काजव्यांसाठी मुलीला दिलेला शब्द वहिनी विसरलेल्या नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यातला, अमावास्येच्या जवळचा, आठवड्याच्या मधला एक दिवस त्यांनी धरून ठेवलाय. मुरशेतकडे गावातल्या घरी मुक्काम, केबिन नाही, आजी ठाण्यात आत्यांसोबत. या वेळी त्या घराच्या मालकाला पहिला प्रश्न विचारला गेला तो वाटेचा, आणि दुसरा, रात्री तुमच्या अंगणातला दिवा बंद ठेवाल का.